कळा पाठीत येतात तेव्हा

बाळंतपणाच्या कळा पोटात येतात असे सगळेच सांगतात. कमरेत येणाऱ्या कळांविषयी मात्र आधी कोणीच बोलत नाही, अशा आशयाची पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे सर्वसाधारण प्रकृतीच्या गरोदर स्त्रीला धरून लिहिली आहेत. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, जुळे, आधीचे सिझेरियन किंवा मणक्याचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच यातले काय घ्यायचे ते ठरवावे.

प्रश्न : मी पहिलटकरीण असून मला आठवा महिना लागला आहे. माझ्या वहिनीला कळा आल्या त्या सगळ्या कमरेत. पोट दुखलेच नाही, माकडहाड फुटते आहे असे रात्रभर वाटत होते, असे ती सांगते. तिला पलंगावर उताणे पडून राहायला सांगितले होते. असे का होते, मलाही होईल का, आणि झाले तर काय करता येते? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुमच्या वहिनींना जे झाले त्यात नवल काही नाही. गर्भपिशवी आणि तिचे तोंड यांच्याकडून निघणाऱ्या संवेदना पाठीच्या कण्यात जिथे शिरतात, तिथेच कमरेच्या आणि ओटीपोटाच्या त्वचेकडून व स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनाही शिरतात. त्यामुळे आकसते पुढे आणि दुखते मागे, असे होते. थोड्याफार प्रमाणात ते बहुतेक बायकांना होतेच. काहींची पाठ मात्र कळ ओसरताच मोकळी होते, तर काहींची दोन कळांच्या मधल्या वेळातही ठणकत राहते. खरा थकवा या दुसऱ्या प्रकारात येतो, कारण दम खायला मधला जो वेळ मिळायचा तोच हिरावला जातो.

याचे नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे बाळाची ठेवण. डोके खालीच असते, पण बाळाची पाठ आईच्या पोटाकडे असायची ती आईच्या पाठीकडे असते, आणि डोक्याचा मागचा कठीण भाग आईच्या माकडहाडावरच्या त्रिकोणी हाडावर दाबला जातो. (पायाळू बाळ म्हणजे हे नव्हे, त्याचे डोके वर असते.) कळा सुरू होताना बऱ्याच बाळांची ठेवण अशी असते. त्यांतली बहुतेक कळांच्या ओघात आपणहून वळतात, आणि जन्माच्या क्षणापर्यंत तशीच राहणारी बाळे शंभरात साधारण पाच ते आठच असतात. म्हणून पाठ दुखू लागली की बाळ वळलेले नाही, आता सिझेरियनच होणार, असा धसका घेऊ नये. बाळ नीट वळलेले असतानाही काहींची पाठ दुखते, आणि वळलेले नसतानाही काहींची दुखत नाही. तुम्हाला काय होईल हे आठव्या महिन्यात कोणालाच सांगता येणार नाही. सोनोग्राफीच्या कागदावर आज बाळाची जी ठेवण लिहिलेली आहे, ती त्या दिवशी तशीच असेल असेही नाही.

नवव्या महिन्यात ओणवे होऊन फरशी पुसली की बाळ वळते, असे तुम्हाला घरात कोणीतरी सांगितले असेलच. शेवटच्या आठवड्यांत रोज हातापायांवर ओणवे होण्याचा व्यायाम करून पाहण्याचा एक मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात जन्मवेळच्या ठेवणीत काही फरक आढळला नाही. तेव्हा फरशी पुसायची असेल तर ती मळली म्हणून पुसावी. मात्र प्रत्यक्ष कळा चालू असताना हीच ओणवी स्थिती घेतली तर पाठीचे दुखणे कमी होते, असे वेगळ्या अभ्यासातून दिसले आहे, आणि ते का होत असावे हेही सहज उमजते : पोट पुढे लोंबते आणि बाळाच्या डोक्याचा मागच्या हाडावरचा भार हलका होतो.

म्हणून पाठीतल्या कळांवरचा पहिला उपाय म्हणजे उताणे न पडणे. उताण्या स्थितीत बाळाचे आणि पिशवीचे सगळे वजन मागे येते, मणक्याच्या पुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आईचा रक्तदाब उतरू शकतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी पडू शकतो. तपासणीपुरते पाठीवर झोपणे निराळे आणि रात्रभर तसेच पडून राहणे निराळे. पुढे वाकण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. पलंगाच्या कडेवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून, गुडघे किंचित सैल ठेवून कंबर डावी-उजवीकडे हलवत उभे राहता येते. साध्या खुर्चीवर उलटे, म्हणजे खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, पाय दोन्हीकडे सोडून बसता येते. खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून त्यावर डोके टेकले की दोन कळांच्या मध्ये डुलकीसुद्धा लागते. जमिनीवर गादी घालून गुडघे टेकावेत आणि छाती उशांच्या ढिगावर सोडून द्यावी, ही स्थिती थकलेल्या बाईला फार मानवते, कारण मनगटांवर भार येत नाही. उभे राहवत नसेल, सलाईन लावलेले असेल किंवा बाळाचे ठोके मोजणारा पट्टा पोटावर असेल, तर कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी घ्यावी. पट्टा आहे म्हणजे उताणेच झोपले पाहिजे असे नाही. ‘मी कुशीवर वळू का? बसू का?’ एवढे विचारायला संकोच करू नका; बहुतेक वेळा उत्तर होकारार्थीच मिळते.

कोणती स्थिती चांगली, याचे सगळ्यांना लागू पडणारे उत्तर नाही. अर्ध्या तासापूर्वी जिने आराम पडला तीच नकोशी होऊ शकते, तेव्हा बदलत राहावे. आठव्या-नवव्या महिन्यात घरात या स्थिती एकदा करून पाहिलेल्या असल्या की ऐन वेळी शरीराला त्या परक्या वाटत नाहीत.

प्रश्न : पत्नीचे बाळंतपण सरकारी रुग्णालयात करायचे ठरले आहे. लेबर रूममध्ये पतीला घेत नाहीत, आई किंवा बहीण चालते, असे समजले. मग मी बाहेर बाकावर बसून काय करणार? शिवाय पाठ चोळल्याने, दाबल्याने खरेच काही फरक पडतो, की ते नुसते मनाचे समाधान? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आधी नियमाचे पाहू. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एक सोबतीण असू द्यावी, अशा सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्या. त्यांत सोबतीण ही नात्यातली स्त्री असावी आणि शक्यतो तिचे स्वतःचे बाळंतपण झालेले असावे, असे म्हटले आहे. एकाच खोलीत अनेक बायका असतात, त्यांचा आडपडदा राखायचा तर पुरुषांना आत घेणे अवघड होते, हे कारण समजण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या शिफारशींत मात्र सोबत कोणाची हवी ते त्या स्त्रीने ठरवावे असे सांगितले आहे, आणि जिथे स्वतंत्र खोल्या आहेत तिथे पतीला घेण्यास काय हरकत असावी हे मला कधी कळलेले नाही. तुमच्या रुग्णालयात आज नक्की काय चालते ते नाव नोंदवलेल्या ठिकाणी पुढच्या तपासणीच्या वेळी विचारा. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जी पद्धत आहे तीच मडगावच्या किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात असेल असे धरून चालू नका.

आता तुमच्या कामाचे. पहिल्या बाळंतपणात गर्भपिशवीचे तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ बराच लांबू शकतो आणि त्यातला पुष्कळसा घरीच जातो. पाठ ठणकायला लागते ती तेव्हाच. म्हणजे बाहेरच्या बाकावर बसण्याच्या आधीचे कितीतरी तास तुमचे आहेत.

पाठ दाबण्याचा उपयोग होतो. चोळणे, दाबणे, शेकणे या उपायांची शिफारस वर सांगितलेल्या २०१८ च्या यादीतही आहे. त्वचेवरून आणि स्नायूंतून जाणारी दाबाची संवेदना वेदनेच्या संवेदनेची वाट काही अंशी अडवते, आणि मागच्या हाडावर आतून येणाऱ्या ताणाला बाहेरून आधार मिळतो. दुखणे नाहीसे होत नाही, पण सहन होण्याजोगे होते. मात्र हात नेमक्या जागी आणि पुरेशा जोराने पडला पाहिजे. हलक्या हाताने कुरवाळत बसले तर बाई वैतागून हात झिडकारते.

जागा अशी शोधावी. कमरेखाली दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात. त्या दोन खळग्यांपासून खाली नितंबांच्या फटीपर्यंतचे चपटे, कठीण हाड, हीच ती जागा. त्याच्या वरच्या कण्यावर आणि बरगड्यांखालच्या कुशींवर जोर द्यायचा नाही. पत्नी खुर्चीवर उलटी बसलेली किंवा पलंगावर हात टेकून उभी असताना तुम्ही मागे उभे राहा, तळहाताचा मनगटाकडचा भाग त्या हाडावर ठेवा, कोपर सरळ ठेवा आणि बाहूंच्या ताकदीने न ढकलता अंगाचा भार पुढे सोडा. दुसरा हात तिच्या कमरेच्या पुढच्या हाडावर ठेवला की ती पुढे ढकलली जात नाही. कळ चढायला लागताच दाब सुरू करावा, कळ असेपर्यंत तो एकसारखा ठेवावा आणि कळ उतरेल तसा हळूहळू सोडावा. झटकन हात काढला तर ते तिला लागते. ‘खाली’, ‘डावीकडे’, ‘अजून जोरात’ एवढे तीन शब्द आधीच ठरवून घ्या, कारण ऐन कळेत तिला वाक्य बोलता येत नाही आणि तुम्ही प्रश्न विचारलेलेही तिला खपत नाहीत. बाळ खाली सरकते तशी दुखण्याची जागाही खाली सरकते, म्हणून मागच्या वेळी जिथे बरे वाटले तिथेच अडून बसू नये.

दुसरी तऱ्हा दोन्ही हातांची आहे. पत्नी ओणवी असताना दोन्ही तळहात नितंबांच्या बाहेरच्या मांसल भागांवर ठेवायचे आणि कळेच्या वेळी दोन्हीकडून आत, किंचित वरच्या दिशेने दाबायचे. याला ताकद लागते. हात भरून आले की घरातल्या दुसऱ्या कोणी जागा घ्यावी. खोबरेल तेल लावायचे ते दोन कळांच्या मधल्या चोळण्यासाठी. दाब देताना तेलकट हात घसरतो, तो पुसून घ्यावा.

हे सगळे तुम्ही शिकलात की तुमच्या सासूबाईंना किंवा जी कोणी आत जाणार असेल तिला शिकवा, नुसते सांगू नका, पत्नीच्या पाठीवर करून दाखवा. साठीच्या बाईला तासन्‌तास उभे राहून दाब देणे जमणार नाही. तिने स्टुलावर बसून, पत्नी कुशीवर झोपलेली असताना, मूठ वळून किंवा टेनिसचा चेंडू तळहातात धरून त्या हाडावर दाबला तरी काम होते. पिशवीत बाळाच्या दुपट्यांबरोबर तो चेंडू टाकायला विसरू नका.

प्रश्न : माझी सून दिवसांत आहे. आमच्या वेळी कळा लांबल्या की एरंडेल देत, सुईण पोट चोळून बाळ खाली उतरवीत असे, आणि कंबर दुखली की तापवलेल्या मिठाचा शेक. आता मुले म्हणतात, यातले काही करायचे नाही. सगळेच चुकीचे होते का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : सगळे चुकीचे नव्हते, आणि सगळे ठेवण्यासारखेही नव्हते. शेक चांगलाच. जाड मीठ तव्यावर तापवून सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून कमरेवर फिरवणे, हा उपाय आजही तेवढाच गुणकारी आहे. फक्त मीठ फार तापते आणि कळेच्या भरात भाजल्याचे कळत नाही, म्हणून पुरचुंडी आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी आणि एकाच जागी दाबून धरू नये. रबरी पिशवी वापरायची तर तिच्यात उकळते पाणी घालू नये आणि भोवती पंचा गुंडाळावा. त्याहून सोपे म्हणजे न्हाणीघरात सुनेला स्टुलावर पुढे वाकून बसवावे आणि कमरेवर सोसवेल इतक्या गरम पाण्याचे तांबे सावकाश ओतत राहावे. पाणमोट फुटलेली नसेल, रक्त जात नसेल आणि सोबत कोणी असेल, तर याला हरकत नाही. काहींना उष्णतेपेक्षा थंडावा मानवतो. रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावून पाहावा, सून म्हणेल तसे करावे.

पेजेचे तुम्ही लिहिले नाही, पण मीच लिहितो. कळा चालू झाल्या म्हणजे पोटात काही जाता कामा नये, असा समज पुष्कळ घरांत आहे. ज्या बाईला कसलीही गुंतागुंत नाही तिला सुरुवातीच्या काळात पातळ, पचायला हलके अन्न आणि पाणी द्यायला हवे; उकड्या तांदळाची मिठाची पेज यासाठी उत्तम. उपाशी आणि तहानलेल्या बाईला प्रत्येक कळ जास्त जाचते. रुग्णालयात गेल्यावर मात्र तिथले डॉक्टर सांगतील तसेच वागावे, कारण भूल देण्याची वेळ येणार असेल तर पोट रिकामे हवे असते.

एरंडेल देऊ नका. त्याने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातले पाणी कमी होते, आणि कळा आल्याच तर त्या किती जोरात येतील यावर कोणाचा ताबा राहत नाही. आधीचे सिझेरियन असेल तर ते धोक्याचे आहे. तसेच पोट चोळून किंवा वरून दाबून बाळ खाली लोटणे पूर्णपणे बंद झाले पाहिजे, मग ते घरी असो की रुग्णालयात. पोटावर दाब देऊन बाळंतपण करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते. तुमचा हात सुनेच्या पाठीवर हवा, पोटावर नको. आणि ‘आम्ही नाही का सोसले’ हे वाक्य त्या दिवशी घरी ठेवून यावे, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : आम्ही दिवाडीला राहतो. पैलतीरी जायचे तर फेरीबोटीची वाट पाहावी लागते. कळा पाठीतच येत असतील तर त्या खऱ्या कशा ओळखायच्या आणि निघायचे केव्हा? मला चौतिसावा आठवडा चालू असून दोन दिवस कंबर दुखते आहे. (एक वाचक, दिवाडी)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी कंबर ठरावीक अंतराने दुखत असेल, थांबत असेल, पुन्हा येत असेल, ओटीपोट जड वाटत असेल, पांढरे किंवा तांबडे जाण्यात फरक पडला असेल, तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. हे उत्तर छापून हाती पडण्याची वाट पाहायची ही गोष्ट नव्हे, म्हणून तुम्हाला पत्राने तत्काळ तपासून घेण्यास कळवले आहे. याच स्थितीत असलेल्या इतर वाचकांनीही त्याच दिवशी दाखवावे. एकसारखी दुखणारी, वाकल्याने वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी कंबर ही बहुधा गरोदरपणातली नेहमीची तक्रार असते. कंबरेबरोबर ताप आणि लघवीला जळजळ असेल तर मूत्रपिंडाच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते.

दिवस भरलेले असताना कळ खरी की खोटी हे पाठीवरून ओळखायचे तर दुखण्याला लय आहे का ते पाहावे. दुखताना हात पोटावर ठेवावा. पोट दगडासारखे घट्ट होऊन पुन्हा सैल होत असेल आणि अंतर कमी कमी होत असेल तर त्या कळाच आहेत. पहिलटकरणीने पाच पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, हा सर्वसाधारण नियम. तुम्ही त्याची वाट पाहू नका. पाणी ओलांडून यायचे आहे आणि दुसरी खेप असेल तर पिशवीचे तोंड उघडायला वेळही कमी लागतो, म्हणून कळांना लय आल्याबरोबर निघा. शेवटच्या आठवड्यात पैलतीरी एखाद्या नातेवाइकाकडे राहायला जाता आले तर त्याहून चांगले. १०८ ला फोन करताना आपण बेटावर आहोत आणि कोणत्या धक्क्यावर येणार आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

काही गोष्टी असतील तर कळा मोजत बसायचे नाही : तांबडे रक्त जाणे, पाणी जाणे, त्यातही ते हिरवट किंवा दुर्गंधीचे असणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोट सतत कठीण राहून दुखणे मधे जराही न थांबणे, किंवा आधीच्या सिझेरियनच्या जागी एकसारखे दुखणे. पाय बधिर पडणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे हे कळांचे लक्षण नव्हे. तेही ताबडतोब दाखवायचे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. पाठीच्या कळा सहन होणार नाहीत असे वाटून एपिड्युरल (कमरेत बारीक नळी घालून दिली जाणारी वेदनाशामक भूल) घेण्याचा विचार आहे, पण पाठीत सुई घेतल्याने जन्मभर कंबर दुखते आणि शेवटी सिझेरियनच होते, असे स्टाफरूममधल्या सगळ्याच जणी सांगतात. घरी म्हणतात, दुखल्याशिवाय आईपण कळत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : घरच्यांच्या म्हणण्याला वैद्यकीय उत्तर नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. दात काढताना भूल नको असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नसेल.

स्टाफरूमच्या दोन्ही समजुतींची तपासणी झालेली आहे. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करता, पुढे दीर्घकाळ टिकणारी कंबरदुखी दोन्हींकडे सारखीच आढळते. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती मुख्यतः गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांमुळे, पोटाच्या ढिल्या स्नायूंमुळे आणि बाळाला वाकून पाजण्या-उचलण्यामुळे. सुई टोचल्याची जागा मात्र काही दिवस हुळहुळते. सिझेरियनचे प्रमाणही एपिड्युरलमुळे वाढत नाही. जोर करण्याचा काळ लांबू शकतो हे खरे आहे. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण पूर्वीच्या जास्त मात्रेच्या औषधांनी वाढत असे. आताच्या कमी मात्रांत तो फरक फारसा राहिलेला नाही.

ते कसे देतात हे माहीत असले की भीती कमी होते. तुम्हाला बसवून किंवा कुशीवर झोपवून, पाठ बाहेर काढायला सांगून, भूलतज्ज्ञ कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, जागा बधिर करून सुई घालतात. सुईतून दोऱ्याइतकी बारीक नळी आत सरकवून सुई काढून घेतात आणि नळीतून औषध देत राहतात. पंधरा-वीस मिनिटांत गुण येतो. रक्तदाब उतरणे, थरथर, खाज, थोडा ताप, लघवी अडणे हे त्याचे त्रास आहेत, म्हणून सलाईन, वारंवार रक्तदाब पाहणे आणि बाळाचे ठोके मोजणे आलेच. शंभरातून साधारण एकीला नंतर काही दिवस डोकेदुखी होते, जी बसल्यावर वाढते आणि झोपल्यावर थांबते. तिच्यावरही इलाज आहे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, प्लेटलेट कमी असतील, मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा मणका वाकडा असेल, तर हे आधीच सांगायला हवे. एपिड्युरल चालू असताना कमरेवर गरम पिशवी ठेवू नये, कारण बधिर त्वचेला चटका कळत नाही.

पाठीतल्या कळांसाठी आज जे उपाय आहेत त्यांत सर्वांत खात्रीचा हाच, यात मला शंका नाही. अडचण आहे ती मिळण्याची. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ हजर असतो का, खर्च किती, आधी त्यांना भेटावे लागते का, हे सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. पिशवीचे तोंड अमुक इतके उघडल्याशिवाय देताच येत नाही, ही समजूतही आता मागे पडली आहे. ज्यांना एपिड्युरल मिळणार नाही त्यांच्यासाठी काही ठिकाणी पेथिडीन किंवा ट्रामाडॉलचे इंजेक्शन देतात. त्याने गुंगी येते, मळमळते, दुखणे अर्धवटच थांबते, आणि जन्माच्या अगदी जवळ दिले तर बाळाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून वेळ साधावी लागते. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण मुखवट्यातून ओढण्याची सोय असेल तर ती वापरून पाहायला हरकत नाही. कळ चढण्याच्या थोडे आधी ओढायला सुरुवात केली तरच तिचा उपयोग.

प्रश्न : कमरेत नुसत्या पाण्याची इंजेक्शने देऊन पाठीतल्या कळा थांबवतात, असे वाचले. हे खरे आहे का? (नर्सिंगची एक विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर : खरे आहे, आणि ऐकायला वाटते तेवढे ते भोंदूपणाचे नाही. कमरेखालच्या दोन खळग्यांपाशी दोन आणि त्यांच्या थोडे खाली, आतल्या बाजूला दोन, अशा चार जागी निर्जंतुक पाणी अगदी थोडे, साधारण एक दशांश मिलिलिटर, त्वचेच्या थरातच टोचतात. सुमारे अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी जळजळीत आग होते, ती आधी सांगून ठेवलेली बरी. कळ चालू असतानाच दोघींनी दोन्हीकडून एकदम टोचले तर ती आग एकदाच सोसावी लागते. पुढे काही मिनिटांत पाठ हलकी होते आणि हा आराम दीड-दोन तास टिकू शकतो. संपला की पुन्हा देता येतात. पोटातल्या कळांवर त्याचा परिणाम होत नाही आणि सिझेरियनचे प्रमाणही त्याने बदलत नाही. पण त्यात औषध नसल्यामुळे बाळाला काही पोचत नाही, आणि बाई हिंडू-फिरू शकते. मीठ घातलेले सलाईनचे पाणी वापरले तर गुण येत नाही, साधे निर्जंतुक पाणीच लागते. स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात सुईणी ते नेहमी देतात. तुम्ही जिथे शिकता तिथल्या प्रसूतिविभागाच्या प्रमुखांना याविषयी विचारा. त्यांनी परवानगी दिली आणि शिकवले, तरच हात लावा.